जर्नलचं शेवटचं पान

विज्ञान शाखेत शिकवणाऱ्याला दर सत्राअखेर जर्नलं तपासावी लागतात. ‘तपासावी’ हा शब्द सवयीनं आला. खरं तर सह्या करायच्या असतात. टेबलावर साठ-सत्तर जर्नलांची चळत, बाहेर व्हरांड्यात पोरांचा गलका, लॅब असिस्टंट एकेक पान उलटून धरतोय आणि आपण लाल पेनानं बरोबरची खूण, सही, तारीख. बरोबरची खूण, सही, तारीख. मी हे बत्तीस वर्षं केलं. निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेच्या माळ्यावरची जुनी जर्नलं रद्दीत काढायची होती. त्यातल्या एकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘सर, माझी ओरल लेखी घेता येईल का?’ तिच्याखाली माझी लाल बरोबरची खूण होती. सही होती. तारीखही होती.

मुलगा आठवायला वेळ लागला. भिंतीकडेच्या बाकावर बसायचा. हजेरीला ‘यस सर’ म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायचा. मग मी ‘तोंडात काय आहे रे?’ असं विचारायचो आणि वर्ग हसायचा. मलाही तेव्हा तो विनोदच वाटायचा. त्या वर्षी तो ओरलला आलाच नाही. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ आहे आणि त्यापुढे काहीच नाही. खूप शोधल्यावर कळलं, की गावाकडे मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. फोन उचलत नाही म्हणून मीच गेलो. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “सर, त्या वर्षी रोज रात्री वाटायचं, उद्या उजाडूच नये.” मग चहा मागवला आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

तो वाचला, यात माझा काही हात नाही. कॉलेजातले शिक्षक, गुरुपालक आणि रेक्टर यांच्यासाठी तरुण सहकाऱ्यांनी अशा मुलांविषयी ही पुस्तिका तयार केली आणि प्रस्तावना मला लिहायला सांगितली, तेव्हा मी आधी हे पान त्यांच्यापुढे ठेवलं. हे वाचूनही मीच लिहावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मराठीत या स्वभावाला शब्दांची वाण नाही. बुजरा, लाजाळू, भिडस्त, संकोची, घुमा. सगळ्यांत नेमका शब्द मुखदुर्बळ. हात, पाय, बुद्धी सगळं शाबूत. दुबळं काय, तर तोंड. पण याच मुलाला आपण शिष्ट म्हणतो, माणूसघाणा म्हणतो आणि तिथं पार चुकतो. माणूसघाण्याला माणसं नकोशी असतात. या मुलाला माणसं हवी असतात, फार हवी असतात. पण ती आपल्याला पाहतील आणि हसतील, या धास्तीनं तो लांब राहतो. तो घाबरतो कुणाला, तर चारचौघांना. चारचौघांत असं बोलू नये, चारचौघांत हसं होईल, चारचौघं काय म्हणतील. हे चौघं कोण, ते आजवर कुणी पाहिलेले नाहीत. पण त्यांची ऊठबस नाही असं मराठी घर मी पाहिलेलं नाही.

लाजणं म्हणजे आजार नव्हे, हे पहिल्यांदा सांगितलं पाहिजे, नाहीतर ही पुस्तिका वाचून एखादा उत्साही शिक्षक अख्ख्या वर्गालाच रुग्ण ठरवायचा. स्टेजवर जाताना पोटात गोळा येणं, अनोळखी घरात अवघडणं हे सगळ्यांना होतं आणि पाच मिनिटांत निवळतं. लोक आपल्याला पारखताहेत ही भीती सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष ठाण मांडून बसते, तिच्यापायी माणूस वर्ग, मेस, ओरल, मैत्री, नोकरीची मुलाखत असं एकेक सोडत जातो, तेव्हा डॉक्टर त्याला सोशल अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. मराठीत सामाजिक भयगंड. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १९०३ साली या प्रकारच्या भीतीचं वर्णन केलं होतं. लंडनच्या आयझॅक मार्क्स यांनी १९६०च्या दशकात ती इतर भयगंडांपासून वेगळी काढली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळायला १९८० साल उजाडलं. पुढे पाच वर्षांनी मायकेल लीबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर लेख लिहिला, तेव्हाही शीर्षकात ‘दुर्लक्षित’ हा शब्द घालावा लागला. दुर्लक्ष होणारच. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे जग वळून पाहतं. हा रुग्ण तर कुणी वळून पाहू नये म्हणूनच धडपडत असतो.

ही भीती आतून कशी चालते, याचा सगळ्यांत उपयोगी नकाशा १९९५ साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी मांडला. तो मी ओरलवर लावून सांगतो. मुलगा परीक्षकासमोर बसतो. साधारण मुलाचं लक्ष प्रश्नाकडे असतं. याचं लक्ष स्वतःकडे वळतं : आवाज कापतोय का, कानशिलं लाल झाली का, तळहाताचा घाम जर्नलला लागला का. डोक्यात स्वतःचंच एक चित्र उभं राहतं, बाहेरून पाहिल्यासारखं, आणि ते चित्र नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतं. ती नामुष्की टाळायला तो युक्त्या करतो. नजर खाली ठेवतो, वाक्य मनात तीनदा घोळवून मग बोलतो, उत्तर एका शब्दात उरकतो. परीक्षकाला वाटतं, अभ्यास नाही किंवा मुलगा उर्मट आहे. तो कपाळाला आठी घालतो. मुलाला ती आठी दिसते आणि आपली भीती खरीच होती, असा पुरावा हाती येतो. वाचवायला केलेली युक्तीच बुडवते. त्यावर कडी म्हणजे रात्री खोलीवर आल्यावर तीच ओरल तो पन्नास वेळा मनात पुन्हा देतो आणि पन्नासही वेळा नापास होतो.

हे सगळं कॉलेजात सुरू होत नाही. बहुतेकांत तेरा-चौदाव्या, पंधराव्या वर्षीच मूळ धरलेलं असतं. शाळेत ते लपून जातं, कारण गाव ओळखीचं असतं, बाई ओळखीच्या असतात आणि ‘आमचा मुलगा शांत आहे’ हे घरात कौतुकानंच सांगितलं जातं. मुलीच्या बाबतीत तर विचारूच नका. न बोलणाऱ्या मुलीला आपल्याकडे वळणाची म्हणतात. मग बारावीनंतर हा शांत मुलगा पुण्यात किंवा संभाजीनगरात कॉट बेसिसवर राहायला येतो. खोलीत चार अनोळखी पोरं, मेसमध्ये लांबलचक टेबल. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजीत प्रेझेंटेशन देतो. मराठीत तोंड उघडावं, तर तेही सोपं नाही. ‘पानी’, ‘लोनी’ म्हटलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘पाणी’ असं घोळवून म्हणतं. एवढ्याशा णकारानं किती मुलं गप्प केली असतील, याचा हिशेब आपल्या भाषेनं कधीतरी मांडायला हवा.

यातली एक गोष्ट जरा जवळून बघू. मुलगा मेसला जात नाही. सुरुवातीला फक्त गर्दीची वेळ टाळतो. साडेबाराऐवजी अडीचला जातो, तेव्हा भाजी संपलेली असते आणि मावशी ‘एवढा उशीर?’ असं मोठ्यानं विचारतात. मग तो दुपारचं जेवण सोडतो. महिन्याचे पैसे भरलेलेच असतात, म्हणून घरी सांगता येत नाही. बिस्किटाचा पुडा, नळाचं पाणी. रूममेटला वाटतं डाएट करतोय, वर्गशिक्षकाला वाटतं प्रकृती बरी नसेल. पहिलं लेक्चर उशिरा आल्यामुळे चुकतं, कारण भरलेल्या वर्गात दार ढकलून आत शिरायचं म्हणजे ऐंशी माना वळणार. एक लेक्चर, मग एक दिवस, मग एक आठवडा. सत्राअखेरीस नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते, त्यात त्याचं नाव, रोल नंबर आणि टक्केवारी. लोकांच्या नजरेला घाबरून जो वर्गात येत नव्हता, त्याचं नाव आपण भर रस्त्यात टांगतो आणि त्याला शिस्त म्हणतो. मी स्वतः अशा याद्यांवर सह्या केल्या आहेत.

आता ज्या धास्तीनं ही पुस्तिका लिहिली, त्या आत्महत्यांचे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला : १,७६४. आदल्या वर्षीही आपणच पहिले होतो, १,८३४. राज्य मोठं आहे, नोंदी तुलनेनं बऱ्या होत असतील, हे सगळं मान्य केलं तरी सतराशे चौसष्ट म्हणजे माझ्या कॉलेजातली सगळी मुलं. हे आकडे पोलिसांच्या पंचनाम्यातून येतात आणि कारणांचे रकाने ठरलेले असतात : कौटुंबिक समस्या, आजारपण, परीक्षेतील अपयश, प्रेमप्रकरण. ‘लाज’ असा रकाना नाही. ‘सहा महिने कुणाशी बोलला नव्हता’ असाही नाही. त्यामुळे यांतल्या किती जणांना सामाजिक भयगंड होता, हे या अहवालातून काढता येत नाही आणि जो काढून दाखवेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

भयगंड आणि आत्महत्या यांचा संबंध आहे, पण सरळ रेषेचा नाही. अमेरिकेत तेरा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला फ्रँकलिन श्नायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं : निव्वळ सामाजिक भयगंड असलेल्यांत आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त येतात, प्रत्यक्ष प्रयत्नांचं वाढलेलं प्रमाण मात्र मुख्यतः अशांमध्ये, ज्यांना त्याच्या जोडीला दुसरा मानसिक आजारही आहे. बहुतेक वेळा भयगंड आधी येतो आणि बाकीचं नंतर. म्हणजे पंधराव्या वर्षी भीती, अठराव्या वर्षी एकटेपणा, विसाव्या वर्षी नैराश्य. कुणी मध्येच धीर येण्यासाठी पार्टीत दोन पेग मारायला शिकतो, तो वेगळाच फास. कोणत्याही आत्महत्येमागे एकच एक कारण नसतं आणि मुखदुर्बळ मुलांतली फार मोठी संख्या असं काही न करता आयुष्य काढते. पण भीती आणि नैराश्य यांच्या मधली ती तीन-चार वर्षं बरोबर कॉलेजची असतात. हस्तक्षेप करायला एवढी मोकळी जागा दुसऱ्या आजारात क्वचितच मिळते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेला सिद्धान्त मला इथं फार पटतो. मरणाच्या इच्छेपाशी माणसाला दोन भावना नेतात, असं ते म्हणतात. एक, मी कुणाचाच नाही. दुसरी, मी सगळ्यांना ओझं झालो आहे. पहिली भावना भयगंडाच्या पोटातच आहे. दुसरी आपल्या घरांतून येते, बहुधा प्रेमापोटीच. बापानं फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, आईनं पाटल्या मोडलेल्या असतात आणि ‘आमचं काय, तू शिकलास की झालं’ हे वाक्य दर रविवारी फोनवर ऐकू येतं. ज्याला उद्याच्या ओरलला जायचं धाडस नाही, त्याच्या कानात हे वाक्य कसं वाजत असेल?

या पुस्तिकेचा खरा मुद्दा आता येतो. आत्महत्या प्रतिबंधाची आपली सगळी भाषा एका क्रियापदावर उभी आहे : बोला. बोलतं व्हा, मन मोकळं करा, मदत मागा. भिंतीवरची पोस्टरं, गॅदरिंगमधली पथनाट्यं, जागतिक मानसिक आरोग्य दिनाची व्याख्यानं, सगळीकडे हेच. उपदेश चांगला आहे. पण मुखदुर्बळाला ‘बोल’ सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला दवाखान्यापर्यंत चालत ये म्हणण्यासारखं आहे. समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनशेजारी, बाहेर बाकडं, त्यावर बसलेल्याला येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहणार. अपॉइंटमेंटसाठी ऑफिसातल्या खिडकीशी उभं राहून कारण सांगायचं. देशातल्या मानसिक आरोग्याची मोठी पाहणी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केली, तेव्हा नैराश्य-चिंतेसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या रुग्णांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक उपचारांच्या बाहेर आढळले. त्याची कारणं अनेक आहेत, डॉक्टरच कमी आहेत हे तर उघडच. पण डॉक्टर समोर असूनही दार न वाजवणाऱ्यांत मुखदुर्बळ सगळ्यांत पुढे असणार, हे सांगायला पाहणी लागत नाही. म्हणून पहिलं पाऊल त्याचं नसावं, आपलं असावं. पुढची सगळी प्रकरणं या एका वाक्याचा विस्तार आहेत.

कायद्यानं इथं आपल्याला बरंच पुढं नेलं आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यावेत, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. तरी आजही पोलीस केस होईल या भीतीनं पालक मुलाला दवाखान्यात न्यायला कचरतात. उच्च शिक्षणसंस्थांतल्या आत्महत्यांचा प्रश्न पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं. त्याच वर्षी २५ जुलैला दुसऱ्या एका निकालात पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली : शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावायला हवेत, विद्यार्थ्याची चारचौघांत मानहानी टाळायला हवी. डिफॉल्टर लिस्ट लावणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य नोटीस बोर्डाच्या काचेवर चिकटवावं. बाकी गुरुपालक योजना कागदोपत्री सगळीकडे आहे. नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या भेटींच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनानं कशा लिहिल्या जातात, ते या पुस्तिकेच्या बहुतेक वाचकांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आजार बरा होणारा आहे, हे मात्र ठासून सांगितलं पाहिजे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती याच्यावर चांगली लागू पडते, गरजेप्रमाणे औषधंही असतात. मराठी वाचकाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस परके नाहीत. किशोर फडके यांच्यासारख्यांनी त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे रुजवली, अंजली जोशी यांनी त्यांच्यावर मराठीत कादंबरी लिहिली. हे एलिस तरुणपणी स्वतः भयंकर बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, की न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली, की जाऊन बोलायचं. महिनाभरात शंभर जणींशी बोलले. भेटायला यायचं कबूल केलं एकीनं आणि तीही आली नाही. पण इतक्या नकारांनंतर आकाश कोसळलं नाही, हे कळल्यावर भीतीच ओसरली. (आजच्या मुलांनी हा प्रयोग बागेत करू नये, भलतंच अंगाशी येईल. झेरॉक्सच्या दुकानात अनोळखी माणसाला वेळ विचारली तरी सुरुवात म्हणून पुरे.) तत्त्व तेच : भीतीला पायरी-पायरीनं सामोरं जाणं आणि पायरी आपल्या मापाची असणं. वर्गासमोर उभं करून ‘भीती मोडणारे’ शिक्षक पहिली पायरी वगळून थेट गच्चीवर चढवतात. मीही त्यांच्यातलाच.

शिक्षकानं डॉक्टर व्हायचं नाही. त्यानं करायचं ते साधं आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. हजेरीला हात वर केला तर पुढचं नाव घ्यायचं. ओरल आधी दोघादोघांची घ्यायची. सलग आठवडाभर न दिसलेल्या मुलाला यादीत टाकण्याआधी, जमल्यास एकट्याला, चालता चालता विचारायचं. शेजारी शेजारी चालताना नजर भिडवावी लागत नाही, म्हणून ही मुलं तेव्हा बोलतात. आणि शंका आली तर स्पष्ट विचारायचं : जीव नकोसा झालाय का, मरणाचे विचार येतात का? विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. विचारणारा भेटल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर व्याख्यान द्यायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवायचं. चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही, स्वतः जायचं.

आता दोन शब्द ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं, त्या मुलाला किंवा मुलीला. ही पुस्तिका शिक्षकांच्या खोलीतून तुझ्या हाती कशी आली हे मी विचारत नाही. आत्ता, या घटकेला जीव नकोसा झाला असेल तर वाचणं थांबव आणि खोलीत जो कुणी झोपला असेल त्याला उठव. कारण सांगावं लागत नाही, ‘जरा बसतोस का माझ्याजवळ’ एवढं बास. टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्री तीनलाही सुरू असतो. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून तेच वाचून दाखवलंस तरी चालतं. ‘मला फोनवर बोलता येत नाही’ हे पहिलं वाक्य पुरेसं आहे. आणि कधी सरांना काही सांगायचं असेल, तोंडानं जमत नसेल, तर जर्नलच्या शेवटच्या पानावर लिही. सही करण्याआधी ते पान उलटून बघायचं, हे तुझ्या सरांना आणि मॅडमना आम्ही पहिल्याच प्रकरणात सांगितलं आहे.